अंगुस्तानासारखं नख

पत्र थोडक्यात असं: नागपूरच्या महाल भागातल्या ४१ वर्षांच्या एका ताईंनी हे लिहिलं आहे. घराच्या पुढच्या खोलीत सतरा वर्षांपासून त्या ब्लाउज आणि ड्रेस शिवतात, हाताखाली एक मुलगी आहे. दीड वर्षापूर्वी उजव्या अंगठ्याच्या आणि तर्जनीच्या नखांवर बारीक खळगे पडू लागले, पुढे नखं टोकाकडून सुटून पिवळट झाली. बुरशी समजून आठ महिने गोळ्या घेतल्या, फरक पडला नाही. मे महिन्यात डाव्या हाताची अनामिका पूर्ण सुजली. लग्नातली अंगठी त्यात अडकली आहे आणि ती कापायला मन होत नाही. सकाळी तासभर मूठ वळत नाही. आरए फॅक्टर निगेटिव्ह आला, युरिक ॲसिड थोडं वाढलेलं निघालं, म्हणून घरच्यांनी डाळ बंद केली. डोक्यात जुना 'कोंडा' आहे, वडिलांना सोरायसिस (त्वचेवर पापुद्र्यांचे चट्टे येणारा आजार) होता. धंतोलीतल्या एका डॉक्टरांनी सोरायटिक आर्थ्रायटिस, म्हणजे सोरायसिससोबत येणारा संधिवात, सांगून आठवड्यातून एकदा घ्यायची मेथोट्रेक्सेट लिहून दिली. औषधाच्या दुकानातला माणूस "हे तर कॅन्सरचं औषध" म्हणाला, तेव्हापासून पाकीट कपाटात पडून आहे. त्या विचारतात: "तुळशीचं लग्न झालं का सीझन सुरू होते. औषध घेऊन आजारी पडली तर ऑर्डरी कोण पूर्ण करन? एप्रिलमध्ये निवांत सुरू केलं तर चालते का? दीर तर म्हणतात दुकानच बंद करा. काय करू, समजून नाही राहिलं."

ताई,

सही झाल्यावर पत्राच्या कडेला तुम्ही एक ओळ लिहिली आहे: "सकाळी टाच पण दुखते, पण उभं राहून कटिंग करते म्हणून असेल." बाकी सगळ्या पत्राइतकीच ही ओळ मला महत्त्वाची वाटली. नखांसाठी तुम्ही एका डॉक्टरांकडे गेलात, बोटासाठी दुसऱ्यांकडे, कोंड्यासाठी शाम्पू बदलत राहिलात आणि टाचेसाठी चप्पल बदलली. दुखणी चार, आणि चारही वेगवेगळ्या खात्यांत मांडलेली. मला ती एकाच आजाराची वाटतात. पत्रावरून निदान करता येत नाही, ते रुग्णाचा हात हातात घेऊनच करायचं असतं. पण धंतोलीतल्या डॉक्टरांनी जे नाव सांगितलं, त्याच्याशी तुमची हकिगत टाक्याला टाका जुळते.

नखाला तुम्ही "फक्त दिसायचा प्रश्न" म्हटलंय, म्हणून आधी नखाचंच बोलू. उद्या सकाळी दारात उजेडात या आणि अंगठ्याचं नख जरा तिरपं धरून बघा. शेजारी तुमचं अंगुस्तान धरा. सुई घसरू नये म्हणून अंगुस्तानाच्या टोपीवर जसे बारीक खळगे असतात, तसेच नखावर दिसतील. नख तयार होतं ते मुळाशी, कातडीखाली. तिथे सूज असली की नखाचा वरचा थर सलग बनत नाही, आणि नख वाढून पुढे सरकलं की ती कच्ची जागा खळगा होऊन बाहेर येते. सूज नखाखालच्या गादीत असेल तर नख टोकाकडून सुटत जातं, आणि मध्येच कागदावर तेलाचा थेंब पडावा तसा पिवळट-तांबूस डाग दिसतो.

बुरशीतही नख सुटतं, पिवळं पडतं, जाड होतं. म्हणून गल्लत होते, आणि ती मीही केलेली आहे. त्वचारोगाची प्रॅक्टिस नवी असताना एका शिक्षिकेच्या नखांना मी सहा महिने बुरशीचं औषध दिलं. खडू धरताना बोट दुखतं असं ती दोनदा म्हणाली होती, आणि मी नखाच्या पुढे पाहिलं नाही. तिच्या मधल्या बोटाचं शेवटचं पेर आज वाकलेलं आहे. तेव्हापासून नख दाखवायला आलेल्या प्रत्येकाला मी विचारते: सकाळी मूठ वळते का? टाच दुखते का? कंबर धरते का? घरात कुणाला सोरायसिस आहे का? तुम्हाला आठ महिन्यांत हे कुणी विचारलेलं दिसत नाही. नखाची कात्रण सूक्ष्मदर्शकाखाली तपासून बुरशी आहे की नाही ते कळतं, तपासणी साधी आहे. कधी कधी दोन्ही एकत्र असतात, म्हणून ती आता तरी करून घ्या.

आता नखाचा आणि सांध्याचा संबंध काय? तुम्ही अस्तराचं ब्लाउज शिवता. वरचं कापड आणि अस्तर एकाच टिपेत धरलेलं असलं की अस्तर ओढलं तरी चुणी वरच्या कापडाला पडते. बोटाच्या टोकाशी तसंच आहे. बोट सरळ करणारी कंडरा, म्हणजे स्नायूची दोरी, शेवटच्या सांध्यापाशी हाडाला चिकटते, आणि तिचेच धागे पुढे नखाच्या मुळापर्यंत गेलेले असतात. कंडरा हाडाला जिथे चिकटते त्या जागा या आजारात फार लवकर सुजतात. तुमची टाच म्हणूनच दुखत असावी, तिथेही मोठी कंडरा हाडाला चिकटलेली आहे. सोरायसिस असलेल्या दहापैकी तिघांपर्यंत लोकांना पुढे सांध्यांचा त्रास होऊ शकतो. बहुतेकांत त्वचेवर चट्टे आधी येतात आणि सांधे काही वर्षांनी, कधी दहा वर्षांनीही धरतात. ज्यांचे सांधे धरले त्यांच्यात सुमारे ८० टक्क्यांची नखं बिघडलेली असतात. त्यामुळे डोक्यातला तो 'कोंडा' एकदा त्वचारोगतज्ज्ञांना केस बाजूला करून नीट दाखवा. केसांच्या रेषेवर, कानामागे जाड पांढरे पापुद्रे असतील तर तो साधा कोंडा नसावा.

अनामिकेचं तुम्ही फार नेमकं वर्णन केलंय: "सांधा कुठे आहे तेच कळत नाही, पूर्ण बोट फुग्यासारखं." या सुजेला डॅक्टिलायटिस म्हणतात. यात नुसता सांधा सुजत नाही, कंडरेभोवतीची खोळ आणि आजूबाजूचं मांसही सुजतं, म्हणून बोट मुळापासून टोकापर्यंत सारखं फुगतं. आमवातात, म्हणजे रुमेटॉइड आर्थ्रायटिसमध्ये, बोटांचा शेवटचा, नखाजवळचा सांधा सहसा वाचतो. सोरायसिसच्या संधिवातात अनेकदा नेमका तोच धरतो. उतारवयातही त्या सांध्यावर गाठी येतात, पण त्या टणक, हाडासारख्या असतात, आणि सकाळचा ताठरपणा थोड्या वेळात जातो. तासभर मूठ न वळणं हे सुजेचं लक्षण आहे.

आता तुमच्या घरात ज्या दोन कागदांवर सगळ्यांनी विश्वास टाकला त्यांच्याबद्दल. आरए फॅक्टर ही तपासणी आमवातासाठी असते. सोरायटिक आर्थ्रायटिसमध्ये ती बहुतेकांची निगेटिव्हच येते, तेव्हा "रिपोर्ट नॉर्मल म्हणजे संधिवात नाही" हा अर्थ त्यातून निघत नाही. रक्तातली सूज दाखवणाऱ्या तपासण्याही बऱ्याच जणांत नॉर्मल येतात आणि सुरुवातीचा एक्सरेही साफ असू शकतो. हा आजार डोळ्यांनी आणि हातांनी ओळखावा लागतो. युरिक ॲसिडचं म्हणाल तर सोरायसिसमध्ये ते थोडं वाढलेलं सापडतं. गाऊटचं, म्हणजे युरिक ॲसिडचे खडे सांध्यात साठून होणारं, दुखणं बहुधा रात्रीतून, पायाच्या अंगठ्यात भडकतं आणि आठवडा-दोन आठवड्यांत बसतं, आणि पाळी चालू असलेल्या बाईला गाऊट क्वचितच होतो. तुमचं बोट मे महिन्यापासून सुजलेलं आहे. तेव्हा वरण-भात पुन्हा सुरू करा, ताई. डाळ सोडून या आजारात काही मिळत नाही, उलट अंगात ताकद लागेल. वजन जास्त असेल तर ते उतरवल्याने मात्र सांध्यांना खरोखर फायदा होतो आणि औषधही चांगलं लागू पडतं.

आता कपाटातल्या त्या पाकिटाकडे येऊ. मेथोट्रेक्सेट कॅन्सरमध्ये वापरतात हे खरं आहे, पण तिथला डोस कित्येक पटींनी मोठा असतो. आठवड्यातून एकदा, थोड्या मिलिग्रॅममध्ये दिलं की ते शरीराची स्वतःवरच चाललेली चढाई शांत करतं, आणि सोरायसिस व संधिवातासाठी डॉक्टर ते कित्येक दशकं देत आले आहेत. दुकानदाराने वाईट हेतूने सांगितलं नसेल, पण त्या एका वाक्याने तुमचे दोन महिने गेले.

तुमची भीती मी उडवून लावणार नाही, कारण या औषधात सांभाळण्यासारखं बरंच आहे. सगळ्यात मोठी गोष्ट वाराची. गोळी आठवड्यातून एकदाच घ्यायची, रोज चुकूनही नाही. साप्ताहिक गोळी रोज घेतली गेल्याने लोकांचे जीव गेले आहेत. घरात कोणी दुसरं गोळ्या काढून देत असेल तर त्यालाही हे समजावून सांगा. एक वार ठरवा, तो पाकिटावर मराठीत मोठ्या अक्षरांत लिहा, आणि ऑर्डरींच्या वहीत त्या वारासमोर खूण करा. एखादा आठवडा चुकला तर पुढच्या वेळी दुप्पट घेऊ नका, डॉक्टरांना फोन करा. सोबत फॉलिक ॲसिडची गोळी देतात, ती सहसा वेगळ्या दिवशी घ्यायची असते. सुरू करण्याआधी आणि नंतर ठरावीक अंतराने रक्त, यकृत आणि किडनीची तपासणी करावी लागते. तोंडात फोड आले, ताप आला, कोरडा खोकला किंवा धाप लागू लागली तर पुढची गोळी न घेता आधी डॉक्टरांना गाठा. दुसऱ्या कुठल्याही आजारासाठी औषध घ्यायची वेळ आली तर मेथोट्रेक्सेट चालू आहे हे आधी सांगा, काही अँटिबायोटिक्सबरोबर ते धोक्याचं ठरतं. तुमचं वय ४१ आहे, पाळी चालू असेल तर हे औषध घेत असताना गर्भ राहता कामा नये, त्यामुळे याबद्दल डॉक्टरांशी संकोच न करता बोला. शेवटच्या पानावर तुम्ही "दुखलं की दुकानातून गोळी आणते, कधी दिवसाला दोन" असं लिहिलंय, तेही त्यांना सांगा. पोटावर आणि किडनीवर त्या गोळ्यांचा वेगळा भार पडतो. आणि शेजारणीने दिलेल्या ज्या पुड्या तुम्ही घेता, त्याही बंद करण्याआधी डॉक्टरांना दाखवा. अशा पुड्यांत कधी कधी स्टेरॉइड मिसळलेलं असतं, आणि ते एकदम थांबवलं तर सोरायसिस जोरात उसळू शकतो.

आता एप्रिल. इथे माझं मत तुमच्यापेक्षा वेगळं आहे. तुम्ही असं धरून चालला आहात की औषध सीझन खाईल आणि थांबल्याने सीझन वाचेल. आपण तारखा मांडून बघू. सध्या पितृपक्ष चालू आहे. नवे कपडे कोणी शिवायला टाकत नाही, वर्षातला हा तुमचा सगळ्यात निवांत पंधरवडा असणार. मेथोट्रेक्सेटने मळमळ किंवा थकवा यायचा असेल तर तो बहुधा गोळी घेतल्यानंतरच्या एक-दोन दिवसांत आणि सुरुवातीच्या आठवड्यांत जास्त जाणवतो. फायदा दिसायला साधारण सहा ते बारा आठवडे लागतात. म्हणजे तपासण्या करून आता सुरुवात केली तर त्रासाचे दिवस रिकाम्या दिवसांत जातील, आणि तुळशीच्या लग्नापर्यंत बोटं थोडी मोकळी व्हायला लागण्याची शक्यता आहे. खात्री देता येत नाही, कारण औषध प्रत्येकाला सारखं लागू पडत नाही. पण थांबलात तर अख्खा सीझन सुजलेल्या बोटांनी काढावा लागेल, हे मात्र जवळजवळ नक्की.

दुसरा हिशोब हाडांचा. या आजारात सुजेची किंमत सांध्याचं हाड मोजतं. सूज सुरू झाल्यापासून सहा महिन्यांहून उशिरा संधिवाततज्ज्ञांपर्यंत पोहोचलेल्या रुग्णांमध्ये सांध्यांची झीज जास्त आढळते. तुमचं बोट मे महिन्यात सुजलं. एप्रिलपर्यंत थांबलात तर अकरा महिने होतील. झिजलेलं हाड औषधाने भरून येत नाही. काही मोजक्या रुग्णांत तर एका हाडाचं टोक टोकदार पेन्सिलीसारखं झिजतं आणि समोरचं हाड वाटीसारखं खोलगट होतं. एवढं फार कमी जणांत होतं आणि तुमचं होईल असं मी म्हणत नाही, पण काज करणाऱ्या बोटांसाठी त्याच्या पाव हिश्श्याचं नुकसानही पुष्कळ झालं.

तीन ते सहा महिन्यांत पुरेसा फरक पडला नाही तर पुढच्या पायऱ्या आहेत: वेगळ्या गोळ्या, आणि त्यांनीही भागलं नाही तर बायोलॉजिकल, म्हणजे सूज घडवणारे ठरावीक घटकच अडवणारी, इंजेक्शनं. ती सुरू करण्याआधी क्षयाची तपासणी करावी लागते. ती महाग असतात, पण आता भारतात त्यांच्या स्वस्त आवृत्त्याही मिळतात. नखांच्या बाबतीत धीर धरा. बोटाचं नख महिन्याला साधारण तीन मिलिमीटर वाढतं, पूर्ण नवं यायला सहाएक महिने लागतात. औषध लागू पडलं तरी जुनं खडबडीत नख पुढे सरकून कापलं जाईपर्यंत तसंच दिसणार. मुळाशी गुळगुळीत पट्टा दिसू लागला का, तेवढं पाहत राहा.

धंतोलीतल्या डॉक्टरांवर मन बसत नसेल तर दुसरं मत घ्या, त्यात गैर काही नाही. महालातून मेयो, म्हणजे इंदिरा गांधी शासकीय रुग्णालय, जवळ आहे. मेडिकलला (शासकीय वैद्यकीय महाविद्यालयाच्या रुग्णालयाला) आणि मिहानमधल्या एम्सलाही त्वचारोग विभाग आहे. जाताना नखांचं पॉलिश पूर्ण काढून जा, मेंदीही तोवर लावू नका, डाग झाकला जातो. सकाळी सूज जास्त असते आणि ओपीडीत नंबर लागेपर्यंत उतरते, म्हणून उठल्या उठल्या मूठ वळण्याचा प्रयत्न करतानाचा फोटो मोबाइलवर काढून ठेवा. वडिलांचा सोरायसिस, टाच, कोंडा हे सगळं एकाच कागदावर लिहून न्या. आणि डोळा लाल होऊन दुखू लागला, उजेड सहन होईना, तर त्याच दिवशी डोळ्यांच्या डॉक्टरांकडे जा. या आजाराची सूज डोळ्यातही जाऊ शकते.

दीर काळजीपोटी बोलत असतील, पण दुकान बंद करण्याचं मला कारण दिसत नाही. हात चालते राहिलेले बरे. फक्त कामाची पद्धत बदलावी लागेल. तुम्ही लिहिलंय की चुण्या आणि शिवण बसवायला अंगठ्याचं नख घासता. ते आजपासून सोडा, छोटी इस्त्री किंवा लाकडी पट्टी वापरा. या आजारात वारंवार घर्षण झालेली किंवा मार लागलेली जागा जास्त बिघडते. नखं आखूड ठेवा, नखाखाली टोकदार काही घालून साफ करू नका, कडेची कातडी मागे ढकलू नका. जड लोखंडी कैचीऐवजी हलकी, स्प्रिंग असलेली कैची घ्या. जाड कापडाच्या कटिंगला बॅटरीवरचं कटर मिळतं. मशीन पायाची असेल तर मोटर बसवा, टाचेलाही आराम मिळेल. हुक-लूप आणि काज-बटण हाताखालच्या मुलीला शिकवा, आणि त्याचे पैसे तिला वेगळे द्या. दर अर्ध्या तासाने हात खाली ठेवून बोटं उघडा-मिटा. सकाळी कोमट पाण्यात दहा मिनिटं हात बुडवा, डिसेंबरातल्या नागपूरच्या थंडीत तर नक्कीच. सुजलेलं बोट चोळून, ओढून किंवा कडकडा मोडून घेऊ नका, घरचं कुणी कितीही मायेने म्हणालं तरी.

गिऱ्हाईक नखांकडे बघतं म्हणून तुम्ही ४४ अंशांच्या उन्हाळ्यात रबरी मोजे घालून मापं घेतलीत, हे वाचून मला वाईट वाटलं. हा आजार स्पर्शाने, कपड्याने, सुईने कुणाला लागत नाही. कुणी विचारलंच तर सांगा, "सोरायसिस आहे, याची लागण होत नाही, औषध चालू आहे." एवढं पुरे. तुमच्या स्वतःच्या मुलीबद्दल: आजार घराण्यात असल्याने तिला होण्याची शक्यता इतरांपेक्षा थोडी जास्त आहे, पण होईलच असं नाही. तिला चट्टे, नखांवर खळगे किंवा सकाळचा ताठरपणा दिसला तर तुमच्यासारखी दीड वर्ष वाट न पाहता दाखवा.

राहिली अंगठी. तिच्यावर तुम्ही पत्रात सगळ्यात जास्त ओळी लिहिल्या आहेत, आणि त्या मला कळतात. पण ती आजच काढून घ्यायला हवी, कारण सूज आणखी वाढली तर बोटाचा रक्तपुरवठा अडतो. इतवारीतल्या तुमच्या नेहमीच्या सोनाराकडे जा, तो छोट्या कटरने एका जागी छेद देऊन ती उघडतो. बोट निळसर किंवा बधिर वाटत असेल तर सोनार नको, सरळ दवाखान्यात जा. सोनं कुठे जात नाही, अंगठी पुन्हा जोडता येते. फक्त जोडायची घाई करू नका, बोटाचं माप सूज पूर्ण उतरल्यावरच द्या.